शहराचा ‘डीपी’ कोण बदलतं?

डीपी म्हटलं की डोळ्यांसमोर व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो येतो. पण पुणे शहरालाही एक डीपी आहे. डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजे विकास आराखडा. आपला डीपी आपण मूड बदलला की बदलतो, शहराचा मात्र वीस वर्षांचा विचार करून तयार होतो. तुम्ही तिघं-चौघं मिळून ज्या फ्लॅटचं भाडं भरता, त्याच्या खिडकीसमोर पुढच्या वर्षी बारा मजले उभे राहणार का, गल्लीच्या तोंडाशी बस वळू शकणार का, नळाला पाणी येणार की टँकरची वर्गणी काढावी लागणार, यातलं बरंचसं या आराखड्यात आणि त्याच्यासोबतच्या बांधकाम नियमांत ठरतं.

हा आराखडा फक्त इंजिनीअर लोक स्केलपट्टी घेऊन आखतात, असं वाटत असेल तर तसं नाही. तो महापालिकेच्या सभेत, स्थायी समितीत आणि शेवटी मंत्रालयात ठरतो. म्हणजे राजकारणात ठरतो. हे वाचून ‘सगळे सारखेच’ म्हणत पान उलटू नका. राजकारणात ज्याचा आवाज पोहोचतो, त्याचं थोडंफार ऐकलं जातं. आपला आवाज तिथे पोहोचतो का, एवढंच आज बघू.

आधी थोडं गणित

तुमच्याकडे १,००० चौरस मीटरचा प्लॉट आहे असं समजा. (समजायला काय जातंय!) एफएसआय १ असेल तर सगळे मजले मिळून त्यावर १,००० चौरस मीटर बांधकाम करता येतं. एफएसआय २ असेल तर २,०००. सरकारी मराठीत याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. जमीन तेवढीच राहते, पण आकडा वाढला की तिथे राहणारी माणसं वाढतात आणि जमिनीचा भावही वाढतो.

हा आकडा तीन भागांत मिळतो. एक मूळ एफएसआय. दुसरा प्रीमियम, म्हणजे पैसे भरून घेतलेला जादा एफएसआय. तिसरा टीडीआर. एखाद्याची जागा रस्त्यासाठी किंवा बागेसाठी गेली की त्याला रोख पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळतो. तो हक्क कागदावर असतो, विकता येतो आणि दुसऱ्या प्लॉटवर वापरता येतो.

यात समोरचा रस्ता किती रुंद आहे हे महत्त्वाचं. मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला लागू झालेली एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्या मूळ तक्त्यात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर एफएसआय १.१ होता. रस्ता नऊ मीटरचा झाला की प्रीमियम आणि टीडीआर धरून तो २ पर्यंत जात होता, आणि तीस मीटरच्या रस्त्यावर ३ पर्यंत. जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा अनुषंगिक एफएसआय त्याच्याही वर. थोडक्यात, रस्ता तीन मीटरने वाढला तर त्याच प्लॉटवर जवळजवळ दुप्पट घरं बसतात.

या सगळ्यात महापालिकेचाही स्वार्थ आहे, आणि तो समजून घ्यायला हवा. २०१३ मध्ये पुण्यातली जकात गेली. तिच्या जागी आलेला एलबीटी २०१५ मध्ये जवळपास बंद झाला. मग जीएसटी आला आणि त्याची भरपाई राज्य सरकारकडून येऊ लागली. महापालिकेला स्वतःच्या जिवावर मिळणाऱ्या पैशांत मिळकतकराच्या जोडीला बांधकाम परवानगीचं शुल्क हे मोठं साधन उरलं. इमारती वाढल्या की तिजोरी भरते. त्यामुळे ‘इथे आता पुरे’ असं म्हणणं पालिकेला सोपं नसतं.

दहा वर्षं उशिरा आलेला आराखडा

पुण्याच्या जुन्या हद्दीचा सध्याचा आराखडा नावाने २००७ ते २०२७ या काळासाठी आहे. पण त्याचा प्रारूप मसुदा लोकांसमोर आला २०१३ मध्ये. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती आणि सूचना आल्या. पुणे बचाव समितीसारख्या गटांनी गल्लोगल्ली लोकांना नकाशे समजावून सांगितले. आपल्या भागातल्या शाळेच्या किंवा बागेच्या आरक्षणाचं काय होणार आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कायद्यानुसार या हरकती एक नियोजन समिती ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य, म्हणजे निवडून आलेले नगरसेवक असतात आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. पुण्यात या दोन बाजूंचं एकमत झालं नाही. मुदतीत काम होत नाही, असं सांगत राज्य सरकारने २०१५ मध्ये आराखडा पालिकेच्या हातातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेवटी मंजुरी मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक होती.

वीस वर्षांच्या आराखड्यातली पहिली दहा वर्षं अशी मंजुरीची वाट बघण्यात गेली. त्या काळात शहर काही थांबलं नव्हतं. हिंजवडी वाढली, खराडी वाढली, कॉट बेसिसचे रेट वाढले. नकाशा मात्र जुनाच होता.

इथे अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगर नियोजन हे शहराच्या स्थानिक संस्थांकडे द्यायच्या विषयांच्या यादीत घातलं. पण महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्यावर शेवटची सही राज्य सरकारची. महापालिकेत एक पक्ष आणि मंत्रालयात दुसरा असला की तुमच्या गल्लीचा प्रश्न त्या दोघांच्या भांडणात अडकू शकतो. त्याचं उदाहरण फार दूरचं नाही.

तीन मीटरची भानगड

जानेवारी २०१६ मध्ये राज्याचं नवं टीडीआर धोरण आलं. नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर टीडीआर वापरता येणार नाही, असं त्यात ठरलं. कागदावर हे शहाणपणाचंच होतं. जिथे अग्निशमन दलाची गाडी नीट वळत नाही, तिथे उंच इमारत कशाला? पण पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांचं काय? सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या कितीतरी इमारती सहा मीटरच्या रस्त्यांवर आहेत. तिथले आजी-आजोबा तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचं टाळतात. जादा एफएसआय नसेल तर बिल्डर पुनर्विकासाला हात लावत नाही.

२०२० मध्ये पुण्याच्या स्थायी समितीने असे ३२३ रस्ते सहा मीटरवरून नऊ मीटर करायच्या प्रस्तावाला मान्यता दिली. दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांनी पुनर्विकासाच्या वेळी दीड-दीड मीटर जागा सोडायची, अशी कल्पना होती. लगेच वाद सुरू झाला. शहरात सहा मीटरचे इतके रस्ते असताना हेच ३२३ का? यादी कोणी केली? ठरावीक लोकांच्या फायद्यासाठी केली का? तेव्हा महापालिकेत भाजपची सत्ता होती आणि राज्यात महाविकास आघाडीची. त्यामुळे भांडण पालिकेच्या सभागृहात न थांबता राज्य सरकारच्या दारात गेलं.

यात कोणाची बाजू खरी, हा क्षणभर बाजूला ठेवा. हातात काय उरलं ते बघा. शहराच्या शेकडो गल्ल्यांमध्ये घरांची दाटी किती असावी हा मोठा प्रश्न होता. त्याची चर्चा झाली ती ‘यादीत कोणाचा रस्ता’ या पातळीवर. त्या गल्ल्यांमधल्या ड्रेनेजच्या पाइपांना दुप्पट घरं झेपतील का, हा मुद्दा त्या गदारोळात मागेच पडला.

मेट्रोभोवतीचं वर्तुळ

दाटी म्हणजे वाईटच, असंही नाही. पुण्याच्या पेठा दाटच आहेत. तिथे दूध, भाजी, शाळा, दवाखाना सगळं चालत जाऊन मिळतं. विरळ वस्ती दिसायला छान असते, पण तिथे प्रत्येक कामासाठी गाडी काढावी लागते. मेट्रो स्टेशनजवळ जास्त घरं असावीत, हा विचार म्हणूनच जगभर केला जातो. लोक चालत स्टेशनला जातील, गाड्या कमी होतील आणि मेट्रोलाही प्रवासी मिळतील.

पुण्याच्या प्रारूप आराखड्यात मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत ४ एफएसआय द्यायचा प्रस्ताव होता. त्यावर बऱ्याच हरकती आल्या. मेट्रोची लांबच लांब रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना ४ एफएसआय, मग पाणी आणि पार्किंगचं काय? २०१९ मध्ये राज्याने धोरण मंजूर केलं तेव्हा मार्गाच्या पट्ट्याऐवजी स्टेशनभोवतीचं ५०० मीटरचं वर्तुळ धरलं गेलं. हा बदल साधा वाटतो, पण त्याला अर्थ आहे. दोन स्टेशनांच्या मधोमध राहणाऱ्याला मेट्रो नुसती डोक्यावरून जाताना दिसते, चालत गाठता येत नाही. तिथे दाटी वाढवून काय मिळणार?

आता तुमचा-माझा प्रश्न. स्टेशनजवळ घरं वाढली, पण ती पहिल्या पगारात परवडणारी आहेत का? जादा एफएसआयमधून कोणत्या आकाराची आणि किमतीची घरं बांधायची, भाड्याची किती, वसतिगृहं किती, यावर आपल्याकडे भांडण फारसं होतच नाही. सगळा वाद ‘एफएसआय द्या’ आणि ‘एफएसआय नको’ यातच अडकतो. भाडेकरूला या दोन्हींच्या पलीकडचं काहीतरी हवं असतं, पण ते मागणारं कोणी नसतं.

गावं पालिकेत, नकाशा दुसऱ्याकडे

पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. तेव्हा क्षेत्रफळाने पुणे महापालिका मुंबईपेक्षाही मोठी झाली. आता या २३ गावांचा आराखडा कोण करणार? पालिका म्हणाली, गावं आमच्याकडे आली आहेत, आम्हीच करू. राज्य सरकारने मात्र पीएमआरडीएला तिथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. पुन्हा तेच: पालिकेत एका पक्षाची सत्ता, राज्यात दुसऱ्यांची. म्हणजे कचरा पालिकेने उचलायचा, पाणी पालिकेने द्यायचं आणि नकाशा दुसऱ्याने काढायचा. पीएमआरडीएने २०२१ मध्ये आपल्या हद्दीचा प्रारूप आराखडा जाहीर केला, त्यावर हजारो हरकती आल्या. २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. दरम्यान २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं पालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद करायचं ठरलं.

आराखडा नसला तरी इमारती थांबत नाहीत. जुन्या प्रादेशिक आराखड्याच्या आधारे परवानग्या मिळत राहतात. बाणेर-बालेवाडीत तर एकेकाळी मुंबई उच्च न्यायालयाला, पाणी नाही म्हणून नव्या बांधकाम परवानग्या काही काळ थांबवाव्या लागल्या होत्या. समाविष्ट गावांतल्या अनेक सोसायट्या आजही टँकरवर चालतात. ‘मेंटेनन्स इतका का?’ असं तुम्ही घरमालकाला विचारता, तेव्हा उत्तराचा मोठा भाग टँकरच असतो.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात, नांदेड आणि किरकटवाडीच्या बाजूला गुईलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढायला लागले. पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, काही जणांचा जीव गेला. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. पालिकेत येऊन साडेतीन वर्षं झालेल्या या भागाला शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी मिळत नव्हतं. विहिरीच्या पाण्यात क्लोरिन टाकून ते घरोघरी जात होतं. आधी इमारती, मग लोक, मग रस्ता आणि सगळ्यात शेवटी पाणी, असा आपला क्रम झालाय. तो उलटा करायचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, ते आराखडा कोणी करायचा यावर भांडत होते.

नगरसेवकाच्या वहीत तुम्ही नाही

आता नगरसेवकाच्या खुर्चीत बसून बघा. एका बाजूला बिल्डर आणि जमीनमालक. त्यांना एफएसआय हवा असतो, आणि निवडणुकीत खर्च करायची त्यांची ताकद असते. दुसऱ्या बाजूला जुन्या सोसायट्यांचे रहिवासी. त्यांचं मतदान पक्कं असतं, ते पत्रं लिहितात, माहिती अधिकारात अर्ज टाकतात. त्यांना समोर टॉवर नको असतो, पण स्वतःच्या इमारतीचा पुनर्विकास हवा असतो. तिसरीकडे वस्त्यांमधले लोक, ज्यांना घर पक्कं व्हायला हवंय. नगरसेवक या सगळ्यांना मोजतो, कारण ते त्याच्या मतदारयादीत आहेत.

आणि तुम्ही? तुमचं मतदान ओळखपत्र लातूरचं, जळगावचं किंवा साताऱ्याचं. अकरा महिन्यांचा करार संपला की पुढचा फ्लॅट दुसऱ्याच प्रभागात. शहर वाढतंय ते आपल्यासारख्यांमुळे, पण प्रभागाच्या हिशेबात आपण नाही. जानेवारी २०२६ ची महापालिका निवडणूक झाली, तेव्हाही प्रभाग २०११ च्या जनगणनेवर आखले होते. पुण्यात ४१ प्रभाग आहेत, एकेका प्रभागात सरासरी ८० हजारांहून जास्त लोक आणि चार नगरसेवक (एका प्रभागात पाच). ही लोकसंख्याही २०११ ची. त्यानंतर शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आलेला कोणीच त्या आकड्यात नाही.

शिवाय मार्च २०२२ पासून या निवडणुकीपर्यंत पुण्यात नगरसेवकच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. नगरसेवकांवर आपण हसतो, मीम्स करतो. पण सभागृह चालू असतं तेव्हा एखादा प्रस्ताव निदान कोणीतरी मोठ्याने वाचतं, कोणीतरी विरोध करतं आणि ते पेपरमध्ये येतं. ३२३ रस्त्यांचं प्रकरण आपल्याला माहीत आहे ते विरोधकांनी आरडाओरडा केला म्हणूनच.

घर नसलं तरी हरकत घ्या

इथून पुढचं कापून ठेवा. प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. कायद्यात शब्द आहे ‘कोणतीही व्यक्ती’. घरमालक असण्याची अट नाही. भाडेकरू, विद्यार्थी, मेसवाला, रिक्षावाला, कोणीही लेखी हरकत देऊ शकतो. मंजूर आराखड्यात नंतर छोटे फेरबदल होतात, एखादं आरक्षण उठवायचं किंवा वापर बदलायचा असतो, तेव्हाही नोटीस निघते आणि महिन्याभराची मुदत असते. या नोटिसा आपण वाचत नाही, कारण त्या पेपरात बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. हाच पेपर, आतलं पान.

हरकत लिहायला वकील लागत नाही. सर्व्हे नंबर किंवा रस्त्याचं नाव लिहा, नकाशातलं काय पटत नाही ते लिहा, त्याऐवजी काय हवं ते लिहा आणि ‘मला सुनावणी हवी आहे’ हे वाक्य विसरू नका. पोच घ्या. ‘विकास नको’ असं मोघम लिहिलं तर त्याला किंमत नसते. ‘या प्लॉटवरचं प्राथमिक शाळेचं आरक्षण काढू नये, कारण एक किलोमीटरच्या आत दुसरी पालिका शाळा नाही’, असं लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. तुमच्या कॉलेजमध्ये आर्किटेक्चर, लॉ किंवा भूगोलाची मुलं असतील तर नकाशा वाचायला त्यांना सोबत घ्या.

याने काही होतं का? १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या गावांमधल्या टेकड्या आठवा. सुमारे ९७८ हेक्टर जागेवर जैवविविधता उद्यान, म्हणजे बीडीपी ठेवायचं की थोडंफार बांधकाम होऊ द्यायचं, यावर दहाएक वर्षं वाद चालला. पैसा आणि जमीनमालकांचा दबाव एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला तेव्हाच्या खासदार वंदना चव्हाण यांच्यासारखे काही राजकारणी होते आणि हजारो नागरिक होते. २०१५ मध्ये राज्याने बीडीपी कायम ठेवला. गोष्ट तिथे संपली नाही. त्या जमिनींचं संपादन रेंगाळलं, अनधिकृत घरं झाली आणि छोटे प्लॉटधारक अजून अडकून पडलेत. तरीही सकाळी टेकडीवर रील काढताना मागे जे हिरवं दिसतं, त्यात त्या भांडणाचा वाटा आहे.

आणखी दोन कामं आजच करता येतील. एक, पुण्यात राहणार असाल तर मतदारयादीतलं नाव इथे आणा. भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, अर्ज क्रमांक ६ ऑनलाइन भरता येतो, आणि नाव आधीच गावाकडे असेल तर अर्ज क्रमांक ८ ने पत्ता बदलता येतो. दुसरं, तुमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना गाठून एकच प्रश्न विचारा: आपल्या भागात जादा एफएसआय मिळालेल्या इमारतींना पाणी कुठून येणार आहे? चौघांची उत्तरं वेगवेगळी आली, तर ती लिहून काढा आणि आम्हाला पाठवा.

जुन्या हद्दीच्या आराखड्याच्या नावातलं २०२७ साल आता उंबरठ्यावर आहे. पुढचा नकाशा निघेल तेव्हा तुम्ही सव्वीस-सत्तावीस वर्षांचे असाल, कदाचित गृहकर्जाचा पहिला हप्ता भरत असाल. ज्या शहरात तो हप्ता भरणार, त्याचा नकाशा भिंतीवर लागेल त्या ३० दिवसांत तो एकदा जाऊन बघा.